पाद्री आणि पाळक

ख्रिस्ती धर्मोपदेशकासाठी मराठीत सर्वांत रुळलेला शब्द म्हणजे ‘पाद्री’, बोलीत ‘पादरी’. पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून तो आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पातेर’, म्हणजे पिता, आहे. पोर्तुगिजांकडे तो रोमन कॅथलिक धर्मगुरूपुरताच होता. १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणारे जेज्युइट थॉमस स्टीफन्स या मूळ अर्थाने पाद्री. पुढे हिंदुस्थानात पंथ न पाहता सगळेच ख्रिस्ती उपदेशक पाद्री ठरले.

यात गंमत अशी, की धर्मगुरूला ‘पिता’ म्हणणे प्रॉटेस्टंटांना मान्य नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातला तेविसावा अध्याय ते त्यासाठी पुढे करतात. तरीही १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या आणि नंतर अहमदनगर, सोलापूरकडे पसरलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या उपदेशकांना लोकांनी नाव दिले ते पित्याचेच.

‘पाद्री’ हा मुख्यतः बाहेरच्यांचा शब्द. प्रॉटेस्टंट मंडळीत ‘पाळक’ म्हणतात. इफिसकरांस पत्रात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक यांच्यानंतर पाळक येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मेंढपाळ. या मिशनचा सोलापूरकडचा मुलूख मराठी-कन्नडच्या शेजाराचा. कन्नडातही ‘पाद्री’ आहे आणि पाळकासाठी ‘सभापालक’ आहे. रात्री वाघूर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावून मेंढरे राखणारा धनगर ज्या मुलखात नित्य दिसतो, तिथे ‘पाळक’ समजायला टीकाग्रंथ लागत नाही. पाद्री उपदेश करून पुढच्या गावाला जाऊ शकतो. पाळकाला कळप सोडता येत नाही.

‘रेव्हरंड’ हे पद नव्हे, दीक्षित पाळकाच्या नावाआधी लागणारी उपाधी. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. ‘रेव्हरंड’ त्यांच्या नावाआधी लागले ते नंतर. कॅथलिकांत ‘फादर’ चालते, लिखाणात ‘धर्मगुरू’. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फ्रान्सिस दिब्रिटो वाचकांना ‘फादर दिब्रिटो’ म्हणूनच ठाऊक होते. म्हणजे ‘पाद्री’ आणि ‘फादर’ अर्थाने एकच. पण पहिल्याने हाक मारली तर उपरी वाटते, दुसऱ्याने घरची.

‘मिशनरी’चे नशीब आणखी वेगळे. मूळ अर्थ ‘पाठवलेला’. धर्मांतराच्या वादात तो संशयाने उच्चारला जातो. आणि तोच बोलणारा एखाद्या निष्ठावान शिक्षकाचे कौतुक करताना ‘मिशनरी वृत्तीने काम केले’ असे सहज म्हणून जातो.