शौक आणि पोट

घरात आम्ही ‘शौक’ म्हणतो, अर्ज भरताना ‘छंद’ लिहितो. गंमत अशी की दोन्ही शब्दांना बदनामीचा डाग आहे. छंदाच्या मागोमाग ‘छंदीफंदी’ येतो, आणि ‘शौकीन’ म्हटलं की लोक माणसाच्या खिशाकडे आणि चारित्र्याकडे एकदमच पाहतात. बी.एड.ला असताना ‘छंदांचे शैक्षणिक महत्त्व’ हे टिपण मी पाठ केलं होतं. नोकरीच्या अर्जात छंद म्हणून ‘वाचन’ लिहिलं. त्या काळात गाइडांपलीकडे मी काही वाचत नव्हतो, हे आता सांगायला हरकत नाही.

हे आठवलं एका फोनमुळे. माझा एक जुना विद्यार्थी दहावीपर्यंत आमच्या उर्दू शाळेत होता. आता चंद्रपूरला इंजिनिअरिंग करतो, कॉम्प्युटर शाखेत. वडील आलापल्लीला सुतारकाम करतात. ते म्हणाले, “सर, तुम्ही जरा समजवा त्याला. सुट्टी आली की जुनोना तलावाकडे जातो आणि पाखरांची घरटी मोजत बसतो. इथं मी दरवाजे विकून फी भरतो.”

समजावतो म्हणालो. हे काम शिक्षकाच्या सवयीचं. पण ते पुढे बोलले. 2025च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या, ती बातमी त्यांच्या मनातून गेली नव्हती. “त्या पोटासाठी गेल्या होत्या, सर. हा कशासाठी जातो?”

या प्रश्नानं मला गप्प केलं. पोटासाठी पत्करलेला धोका आपल्याला कळतो, त्यापुढे आपण मान खाली घालतो. आनंदासाठी पत्करलेला धोका उद्धटपणा वाटतो, त्यातही तो गरिबाच्या मुलानं पत्करला तर जास्तच. साहेबांचा मुलगा हिमालयात गेला की पेपरात फोटो येतो.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी त्याच्याबरोबर गेलो. तलावाच्या काठी शिंदीच्या झाडांवर सुगरणीचे खोपे लोंबत होते. नाव सुगरण, पण विणतो नर. अर्धा खोपा झाला की मादी येते, आत-बाहेर पाहते. पसंत पडला तर पुढचं काम होतं, नाहीतर तो तसाच लोंबत राहतो. मुलगा पुरे खोपे वेगळे मोजत होता, नापसंत ठरलेले अर्धवट वेगळे. वही पाहिली तर सगळी उर्दूत, उजवीकडून डावीकडे. मी विचारलं, तर म्हणाला, “कॉलेजात उर्दू लिहायला दुसरी जागाच नाही, सर.”

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. आठवीत असताना गणिताच्या तासाला याचीच एक वही मी काढून घेतली होती. त्यात पाखरांची चित्रं होती. ती वही कपाटात राहिली, पुढे कुठे गेली कोण जाणे. मी ती परत दिली नाही एवढं खरं.

तरी मी शिक्षकी सोडली नाही. म्हटलं, याचा काही उपयोग कर. फोटोवरून खोपे मोजणारा प्रोग्राम लिही, प्रोजेक्टला चालेल, नोकरीच्या मुलाखतीतही सांगता येईल. तो हसला. “लिहिता येईल, सर. पण मग मोजायला यायचं कारणच उरणार नाही.”

तिथं माझ्या ध्यानात आलं की मी त्याच्या शौकाची बाजू घेत नव्हतो, त्याच्यासाठी जामीन शोधत होतो. आमच्या माणसांना ही खोड लागली आहे. 2006च्या सच्चर समितीच्या अहवालात आमच्या मुलांची शाळा, गळती, नोकऱ्या हे सगळं मोजलं गेलं, आणि ते मोजायलाच हवं होतं. पण त्या आकड्यांच्या ओझ्याखाली आम्ही मुलांचा प्रत्येक तास हिशेबात धरायला लागलो. ज्याला आपल्या एकूण एक तासाचा उपयोग सिद्ध करून दाखवावा लागतो, तो माझ्या मते वेठबिगारच. मग भले तो कॉम्प्युटरवर बसत असो.

याच पाखराचा एक जुना आशिक आपल्यातलाच. सालिम अली जर्मनीत शिकून 1930 साली परतले तेव्हा मुंबईच्या म्युझियममधली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली होती. बिननोकरीचा हा माणूस अलिबागजवळच्या किहीम गावी सुगरणींच्या वसाहतीसमोर बसला. एक नर एकामागून एक खोपे विणतो आणि एकामागून एक माद्यांशी संसार मांडतो, हे त्यांनी तिथं बसून उलगडलं. पुढे पद्मविभूषण मिळालं ते 1976 साली. पण मुलाच्या बापाला हे उदाहरण द्यायला माझी जीभ रेटेना. सालिम अली तय्यबजींच्या घरात वाढले होते. आलापल्लीच्या सुताराच्या मुलानं बिननोकरीचं बसायचं ठरवलं, तर त्याच्या मागे कोण आहे? शौकाची किंमत कोणीतरी मोजतंच, आणि बहुतेक वेळा शौक करणारा ती मोजत नाही.

मुलाचा आदर्श वेगळाच निघाला. डोनल्ड कनूथ नावाचे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ आहेत. 1977 साली त्यांच्या पुस्तकाची छपाईची प्रुफं आली, ती त्यांना कुरूप वाटली. हातातलं लिखाण बाजूला ठेवून त्यांनी गणिताची अक्षरं नीट जुळवणारा प्रोग्राम लिहायला घेतला. लवकर आटोपेल असं वाटलं होतं, दहाएक वर्षं गेली. आज जगभरचे गणिती त्यावरच आपले लेख जुळवतात. घरी ते ऑर्गन वाजवतात, त्याचा मात्र कोणाला काही उपयोग नाही. मुलगा म्हणाला, “मला ऑर्गनवाले कनूथ आवडतात, सर.”

पुढच्या सुट्टीत आलापल्लीला गेलो. आष्टीपासूनचा रस्ता खनिजाच्या ट्रकांनी असा केला आहे की बसमध्ये विचार करणं अशक्य. त्याचे वडील सागवानी कपाटाला रंधा मारत होते, आणि तोही मागच्या बाजूला, जी भिंतीला लागणार. मी विचारलं, ही बाजू कोण बघणार? रंधा न थांबवता म्हणाले, “कोई नहीं. हात को बुरा लगता है.”

मला वाटलं, सापडलं उत्तर. मी उत्साहानं म्हणालो, तुमचा मुलगाही हेच करतो. ते थांबले. “नाही सर. हे माझ्या कामात आहे. गिऱ्हाईक पैसे देणार, मग मी थोडं जास्त करतो. त्याचं कामाबाहेर आहे.” नंतर भुसा झटकत म्हणाले, “आणि रंध्यानं कोणाचा जीव जात नाही.”

त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही. अजूनही येत नाही. त्या मुलाचा आनंद त्याचा आहे असं मी मानतो, तो कोणाला सिद्ध करून द्यायची गरज नाही. पण त्याचा जीव एकट्याचा नाही, हेही तितकंच. म्हणून मुलाकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या होत्या : एकट्यानं जायचं नाही, आणि उजाडल्याशिवाय किंवा दिवस कलल्यावर तिथं थांबायचं नाही. त्यानं थोडं कुरकुरत मान्य केलं, कारण सुगरण सकाळी लवकर कामाला लागते.

वडिलांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चहा झाला, मी बससाठी उठलो. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, “किती निघाले?”

“काय किती?”

“खोपे. या साली.”

एकसष्ट पुरे, अडतीस अर्धवट, मी सांगितलं. ते अर्धवटांचा आकडा ऐकून जरा थांबले आणि म्हणाले, “लई काम वाया जातं बिचाऱ्यांचं.”