एक ओळ

नाशिकजवळच्या एका गावात एक द्राक्षबागायतदार राहत होता. बाग त्याने स्वतःच्या हातांनी उभी केली होती. एका वर्षी माल चांगला निघाला, भावही चांगला मिळाला. त्याने ठरवले, आता परदेश पाहायचा. तोवर तो कधी विमानात बसला नव्हता, पण देश मात्र त्याने मोठाच निवडला : ऑस्ट्रेलिया.

दिवाळी झाल्यावर त्याने ओसरीवर नकाशा पसरला आणि लाल पेन्सिल घेतली. सिडनीहून मेलबर्न. तिथून वाळवंटातला उलुरूचा लाल खडक. मग उत्तरेला केर्न्स, समुद्रातले प्रवाळ पाहायला. शेवटी थेट पश्चिमेला पर्थ. सगळे बारा दिवसांत बसवले.

"आई, बघ. सगळं मिळून दोन विती पण नाही," तो म्हणाला.

आईने विचारले, "आणि आपल्या जिल्ह्याचा नकाशा केवढा असतो रे?"

मुलीने तिचा शाळेतला जिल्ह्याचा नकाशा आणला. दोन्ही कागद सारख्याच आकाराचे होते. मुलीने ऑस्ट्रेलियाच्या नकाशाच्या कोपऱ्यातले प्रमाण वाचले, रस्त्याच्या रेघेवर पट्टी सरकवत नेली आणि हिशेब केला. सिडनी ते पर्थ रस्त्याने ३,९०० किलोमीटरच्या आसपास. "बाबा, आपण घरून कन्याकुमारीला जाऊन परत आलो, तरी पर्थ यायचंच राहील."

"विमानं आहेत की," बागायतदार म्हणाला. रेघ त्याने तशीच ठेवली.

बागेत तेव्हा विरळणी चालू होती. एक पोरगा नवा कामाला आला होता. बागायतदाराने त्याला शिकवले. घड हलक्या हाताने धरायचा. कात्रीचे टोक आत घालायचे. दाटीतले मणी तेवढे काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते.

पोराला मालकाची शाबासकी हवी होती. दुपारच्या आत तो धावत आला. "मालक, अख्खी बाग झाली!"

बागायतदार बघायला गेला. प्रत्येक झाडाचे एकदोन घड कातरलेले, बाकीचे तसेच.

"बाग फिरलास तू," तो म्हणाला. "एक तरी झाड पुरं झालं का? एक ओळ धर. ती संपेपर्यंत दुसरीकडे बघू नको."

पोराने पहिली ओळ धरली. दिवस मावळेपर्यंत निम्मीच झाली, पण घड सगळे नीट झाले होते. शिवाय तो म्हणाला, "मालक, पाचव्या झाडाच्या पानाखाली पांढरं काहीतरी दिसतंय." ती डावणी रोगाची सुरुवात होती. त्या झाडावरून बागायतदार स्वतः त्या आठवड्यात कितीदा तरी गेला होता. त्याला ती दिसली नव्हती.

संध्याकाळी पोरगा मजुरी घ्यायला ओसरीवर आला. नकाशावरच्या लाल रेघेकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"मालक, यातली तुमची ओळ कोणती?"

बागायतदाराला उत्तर देता आले नाही. त्या रात्री त्याने नकाशा पुन्हा उघडला. पर्थ पुसले. केर्न्स पुसले. सिडनी पुसले. उलुरू पुसताना हात अडखळला, कारण तो खडक पाहायची त्याची फार इच्छा होती.

आई म्हणाली, "देश कुठं पळून जात नाही. जिथं थांबशील, तेवढंच बघशील."

त्याने तेही पुसले. उरले मेलबर्न. त्याला त्याने मरे नदीकाठचे मिल्ड्युरा जोडले. तिथे वर्षाला ३०० मिलिमीटरही पाऊस होत नाही, तरी मैलोन्‌मैल द्राक्षे आहेत. कॅनडात जन्मलेल्या चॅफी बंधूंनी १८८७ मध्ये नदीचे पाणी पंपांनी उचलून तिथली शेती वसवायला सुरुवात केली.

रेघ लहान झाली आणि मग बारीक गोष्टी सुचू लागल्या. जाणार जूनमध्ये, आपल्याकडची खरड छाटणी उरकल्यावर. पण तिथे तेव्हा हिवाळा. यादीतले सुती सदरे कमी झाले, स्वेटर आले. आपल्या बागेतल्या काड्या भेट म्हणून न्याव्यात असे त्याच्या मनात होते. चौकशी केल्यावर कळले की तो देश परवानगीशिवाय काडी येऊ देत नाही, आणि बुटांना लागलेली मातीही चालत नाही. शेतावर जाऊन आलात का, असेही उतरताना विचारतात. त्याने जुना दातांचा ब्रश घेतला आणि बुटांच्या तळव्याची खाच न्‌ खाच घासली. लांबलचक रेघ ओढून बसला असता तर बुटांकडे त्याचे लक्ष कशाला गेले असते?

मिल्ड्युरात एक म्हातारा बागायतदार छाटणी करत होता. वेलींवर एक पान नव्हते. नाशिकच्या उबेत वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये एक अशा दोन छाटण्या. तिथे थंडीत वेल झोपते, म्हणून एकच. आपल्या माणसाने दोन बोटे दाखवली. म्हाताऱ्याने एक दाखवले. मग त्याने काडीवर किती डोळे ठेवतो ते मोजून दाखवले आणि पाणी कुठून येते ते दाखवायला पंपापाशी नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंटवर्थला मरे आणि डार्लिंग या नद्यांचा संगम पाहायला जायचे होते. पण नाशिकचा पाहुणा पुन्हा बागेत गेला. म्हाताऱ्याची ओळ दुपारी संपली, तेव्हा दोघे मिळून संगमावर गेले.