दोन धावांचे अंतर

दिनांक ७ ऑगस्ट २००५, रविवार. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर अ‍ॅशेस मालिकेतील दुसऱ्या कसोटीचा चौथा दिवस होता. विजयासाठी २८२ धावा हव्या असलेल्या ऑस्ट्रेलियाचे आठ गडी १७५ धावांत बाद झाले होते. सामना आता लवकरच आटोपणार, अशी बहुतेकांची अटकळ होती. परंतु शेन वॉर्नने ४२ धावा काढल्या आणि तो परतल्यावर ब्रेट ली व मायकल कॅस्प्रोविच या अखेरच्या जोडीने ५९ धावांची भर घातली.

पंधरा धावा उरल्या असता कॅस्प्रोविचचा झेल थर्ड मॅनला सायमन जोन्सच्या हातून सुटला. पुढे तीन धावा उरल्या असता हार्मिसनचा उसळता चेंडू कॅस्प्रोविचच्या हातमोज्याला लागून यष्टिरक्षकाकडे गेला आणि पंचांनी बोट वर केले. तो हात त्या क्षणी बॅटवर नव्हता, नियमानुसार फलंदाज नाबाद होता, हे मागाहून चित्रफितीत दिसले. इंग्लंड दोन धावांनी जिंकले. पुढे मालिकाही २-१ अशी जिंकले.

सायमन जोन्सचा तो सुटलेला झेल आज किती जणांना आठवतो? आणखी तीन धावा निघाल्या असत्या, तर तोच झेल जन्मभर त्याच्या नावाला चिकटला असता. चूक तीच, परिणाम बदलला की अपराधाचे वजन मात्र बदलते. याला न्याय म्हणावे काय?

आपल्या घरादारांतही आपण असेच न्यायनिवाडे करतो. दोन माता विहिरीकाठी क्षणभर पाठ वळवतात. एकीचे मूल खेळत राहते, दुसरीचे पाण्यात पडते. पहिलीला कोणी काही बोलत नाही. दुसरीविषयी मात्र 'तिचे लक्षच नव्हते' अशी कुजबुज सुरू होते. शोकाकुल घरी सांत्वनाला गेलो असता अशी कुजबुज मी ऐकली आहे.

घडलेल्या गोष्टीचा भार त्या मातेला वाहावाच लागतो. तो कोणी उतरवू शकत नाही. पण त्यावर आपल्या दूषणांचा भार कशासाठी? पहिल्या मातेने आणि आपण सर्वांनीही एवढे ओळखावे, की आपण निर्दोष होतो म्हणून नव्हे, तर केवळ थोडक्यात वाचलो.

शेवटचा गडी बाद होताच ब्रेट ली खेळपट्टीवर खाली बसला. इंग्लंडचे खेळाडू जल्लोष करीत असता अँड्रू फ्लिंटॉफ त्याच्याकडे गेला, वाकला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जिंकणाऱ्याने एवढे वाकता आले पाहिजे.