बाकावरची जागा कोणाची?



जून महिना जवळ आला की मिस्सा संपल्यावर आपल्या चर्चच्या आवारात एकच विषय असतो, तो म्हणजे शाळेतला प्रवेश. कोणाच्या मुलाला मिळाला, कोणाच्या मुलीला का मिळाला नाही. शाळा आपल्या सिस्टरांची, तेव्हा पहिला हक्क आपल्या मुलांचा, असे आम्हीही म्हणत आलो आहोत. त्यात अगदीच काही चूक आहे असे नाही. पण हल्ली असे बोलताना आम्हाला सिस्टर सिरिल मूनी आठवतात आणि जीभ थोडी अडखळते.

सिस्टर सिरिल मूळच्या आयर्लंडच्या. १९३६ साली ब्रे या समुद्रकाठच्या गावी त्यांचा जन्म झाला. विशीत असताना, १९५६ साली, लोरेटो संघाच्या भगिनी म्हणून त्या भारतात आल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या. जून २०२३ मध्ये कोलकात्यात त्या प्रभुघरी गेल्या. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली होती. पण आपल्याला सांगायचे आहे ते त्यांच्या शाळेच्या फाटकाविषयी.

१९७९ साली त्या सियालदहच्या लोरेटो डे स्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या. सियालदह हे कोलकात्याचे गजबजलेले रेल्वे स्टेशन. आपल्या दादरची गर्दी डोळ्यांपुढे आणावी. फलाटावर आणि आजूबाजूच्या फुटपाथवर कुटुंबेच्या कुटुंबे राहणारी. शाळेच्या आत गणवेशातल्या मुली आणि बाहेर त्याच वयाच्या मुली कचरा वेचणाऱ्या, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या. १९८५ साली सिस्टरांनी बाहेरच्या मुलींना आत घेतले. या उपक्रमाला त्यांनी 'रेनबो', म्हणजे इंद्रधनुष्य, असे नाव दिले.

त्यांची पद्धत साधी होती. रस्त्यावरच्या मुलीला घंटेची वेळ पाळता येत नाही, म्हणून तिला जमेल तेव्हा तिने यावे. शाळेतल्या मोठ्या मुली वेळापत्रकातल्या ठरलेल्या तासाला एकेकीला घेऊन बसत आणि शिकवत. मुलगी तयार झाली की तिच्या वयाच्या वर्गात तिला जागा मिळे. ज्यांना रात्री निजायला सुरक्षित ठिकाण नव्हते त्या शाळेतच राहत. हळूहळू अशी वेळ आली की शाळेतल्या सुमारे चौदाशे मुलींपैकी जवळजवळ निम्म्या मुली फी न देणाऱ्या होत्या.

आता आपण पालक म्हणून विचार करू या. आम्ही फी भरतो, आणि आमच्या मुलीचा एक तास दुसऱ्या मुलीला शिकवण्यात जातो. हा आमच्यावर अन्याय नाही का? कोणी म्हणेल, शिकवणाऱ्याचेच शिकणे पक्के होते, म्हणजे तिचाही फायदाच आहे. ते खरे आहे, पण या उत्तराने आमचे समाधान होत नाही. फायदा होणार म्हणून दार उघडले तर तो व्यवहार झाला. फायदा झाला नसता तर?

इथे द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आठवतो. सकाळपासून राबणाऱ्यांना ठरलेली मजुरी पुरेपूर मिळाली होती. त्यांची तक्रार कमी मिळाल्याची नव्हती, उशिरा आलेल्यांना आपल्याइतकेच मिळाल्याची होती. हा दाखला आम्ही दरवेळी भक्तिभावाने ऐकतो, आणि मनातून मात्र सकाळच्या मजुरांच्या बाजूचे असतो! फी देऊन आम्ही शिक्षण घेतो हे ठीक. पण शेजारच्या बाकावर कोण बसणार नाही, याची हमीही आम्ही त्याच पावतीत धरतो का?

मदर तेरेसाही आधी लोरेटोच्याच. कोलकात्यातच एंटालीच्या शाळेत त्या शिकवत, आणि १९४८ साली त्या कॉन्व्हेंटच्या फाटकातून बाहेर पडल्या. सिस्टर सिरिल आतच राहिल्या आणि त्यांनी फाटक उघडले. कोणाचे पाचारण मोठे हे ठरवणारे आपण कोण? मात्र मदरच्या वाटेकडे पाहून आपण हात जोडतो आणि घरी येतो. प्रपंच सोडणे आपल्याला शक्य नाही, हे देवालाही ठाऊक आहे. सिस्टर सिरिलच्या वाटेवर ती सबब चालत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांच्या पहिल्या वर्गातल्या किमान पाव जागा गरीब व वंचित मुलांसाठी ठेवायला सांगितल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्याबाहेर ठेवले. त्यामागे आपल्या संस्था आपल्याच हाती राहाव्यात हा विचार आहे आणि तो मोलाचा आहे. शाळा चालवणे किती महाग झाले आहे, हेही आम्ही जाणतो. तरी एक गोष्ट बोचते. सिस्टरांनी कायदा येण्याच्या चोवीस वर्षे आधी शाळा मोकळी करायला सुरुवात केली, तीही कोणी न सांगता.

आपल्या चर्चच्या फाटकाशी मेणबत्त्या विकणाऱ्या बाईला आपण सगळे ओळखतो. तिच्याबरोबर सातेक वर्षांची मुलगी असते. मागच्या रविवारी आम्ही प्रथमच विचारले, ही कोणत्या शाळेत जाते? कुठेच नाही, बाई म्हणाली, जन्माचा दाखला नाही. इतकी वर्षे तिच्याकडून मेणबत्त्या घेऊनही आम्हाला हे माहीत नव्हते. दाखल्याचे काम आमच्यापैकी दोघांनी हाती घेतले आहे. कोणत्या शाळेत न्यायचे, त्यावर पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर बोलायचे आहे. पालकांनी थांबावे.