आरंभ कोणी करावा?

शास्त्राच्या भाषांतराच्या कामानिमित्त नुकताच बंगळुरूस गेलो असता भावाकडे उतरलो होतो. रात्री जेवताना पुतण्या मोबाइलमध्ये गढलेला पाहून मी त्याला रागे भरलो. तो नम्रपणे म्हणाला, “काका, तुमचेही लक्ष टीव्हीवरच आहे.” मी निरुत्तर झालो.

रेडिओ सिलोनवर १९५२ साली ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. माझे वडील तिचे वेडे. आजोबांना मात्र ती उनाडकी वाटे. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले, तेव्हा तेच वडील टीव्हीला मोहाची पेटी म्हणू लागले. आपल्या तारुण्यातील करमणूक निर्दोष आणि पुढच्या पिढीची तेवढी घातक, हा न्याय कोठला?

तरीही वडीलधाऱ्यांची चिंता सर्वस्वी पोकळ नव्हे. गीतमाला ठरल्या वेळी संपे. मोबाइलवरील चित्रफितींना अंतच नसतो. पूर्वी कार्यक्रमच आपणांस थांबवीत असे. आता आपले आपणच थांबावे लागते. हे थांबणे उपदेशाने शिकविता येत नाही. स्वतःच्या डोळ्यातील मुसळ काढल्यावाचून दुसऱ्याचे कुसळ नीट दिसत नाही, ही प्रभूची शिकवण जेवणाच्या पंक्तीसही लागू आहे.

त्या रात्री मी उठून टीव्ही बंद केला. थोड्या वेळाने पुतण्यानेही मोबाइल पालथा ठेवला. वाचकहो, आपल्या घरी हा आरंभ कोण करणार?