लोखंडी घरगडी आणि भागधारकाचा धर्म

धन कसे मिळवावे याविषयी आपल्या नीतिशास्त्राने पुष्कळ विचार केलेला आहे; ते कसे खर्चावे, दान कोणास द्यावे, याविषयीही विपुल विवेचन आढळते. परंतु मिळविलेले आणि खर्च न केलेले धन, म्हणजे गृहस्थाची शिल्लक, कोठे ठेवावी या प्रश्नाकडे नीतीच्या दृष्टीने पाहण्याची आपणांस सवय नाही. तो प्रश्न आपण हिशेबनिसाकडे सोपवून मोकळे होतो. नफा किती, धोका किती आणि मुद्दल परत केव्हा, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की आपले समाधान होते. वस्तुतः कंपनीचा भाग विकत घेणारा मनुष्य त्या उद्योगाचा अंशतः मालक होतो. आणि मालकीबरोबर जबाबदारी येते हे तत्त्व शेतजमिनीस जितके लागू आहे, तितकेच भागपत्रासही लागू असले पाहिजे.

हा विषय आज काढण्याचे कारण असे की, हल्ली सुशिक्षित कुटुंबांतून घरगुती यंत्रमानवांच्या धंद्याविषयी बरीच उत्सुकता दिसते. फरशी झाडणारी व पुसणारी चाकांवरची यंत्रे आता परिचयाची झाली आहेत. मुलांशी बोलणारा व त्यांना शिकविणारा ‘मिको’ हा लहानगा यंत्रमित्र तर मुंबईच्या आय. आय. टी.तून बाहेर पडलेल्या तरुणांनीच तयार केला, याचा आपणांस अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. माणसाच्या आकाराचे, कपड्यांच्या घड्या घालणारे नोकरही बाजाराच्या उंबरठ्यावर उभे आहेत. सेवानिवृत्तीची रक्कम हाती आलेले माझे समवयस्क सहकारी मला विचारतात, ‘यात पैसे घालावेत काय?’ मी अर्थशास्त्राचा अध्यापक नव्हे. तथापि प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा नसल्यामुळे त्याचा विचार करण्याचा अधिकार मजकडे आहे असे मी समजतो.

प्रथम व्यवहाराचे अंग पाहू. अमेरिकेतील आयरोबोट ही कंपनी १९९० साली निघाली. २००२ साली तिने ‘रूम्बा’ हे झाडणारे यंत्र बाजारात आणले आणि पुढे ते कोटींच्या संख्येने विकले गेले. अ‍ॅमेझॉनने २०२२ साली ती कंपनी सुमारे १७० कोटी डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले; परंतु जानेवारी २०२४ मध्ये तो व्यवहार मोडला. डिसेंबर २०२५ मध्ये याच कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला, आणि तिची मालकी तिच्यासाठी यंत्रे घडवून देणाऱ्या चिनी कारखानदाराकडे जाण्याची व्यवस्था झाली. ज्या कंपनीने हा धंदा घरोघर नेला तिची ही गत. ‘जीबो’ नावाच्या बोलक्या यंत्राची कथा आणखी चमत्कारिक आहे. २०१४ साली त्याच्यासाठी लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा झाली. २०१९ साली त्याने स्वतःच्याच तोंडाने आपल्या मालकांना निरोपाचे शब्द ऐकविले, कारण ज्या दूरच्या यंत्रणेवर त्याची बुद्धी चालत होती ती बंद व्हावयाची होती. सोनी कंपनीच्या ‘आयबो’ या यांत्रिक कुत्र्याची दुरुस्ती २०१४ मध्ये बंद झाली, तेव्हा जपानातील एका बौद्ध मंदिरात अशा निकामी कुत्र्यांचे अंत्यविधी होऊ लागले. आपल्या घरचा पाटा-वरवंटा घडविणारा पाथरवट वारला म्हणून चटणी वाटावयाची राहत नाही. पण या वस्तू आपल्या निर्मात्याच्या आयुष्याला बांधलेल्या असतात. म्हणून येथे खप आणि नफा, नफा आणि टिकाऊपणा, यांची गल्लत करू नये, एवढे व्यवहारज्ञान पुरे.

आता नीतीकडे वळू. ‘रोबो’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२० साली लिहिलेल्या नाटकातून जगभर पसरला. त्याचे मूळ ज्या चेक शब्दात आहे, त्याचा अर्थ ‘सक्तीचे श्रम’ असा आहे. मराठीत त्यास नेमका प्रतिशब्द आहे, तो म्हणजे ‘वेठ’. आणि ठाणे जिल्ह्याच्या रहिवाशास तो शब्द कोशात पाहावा लागत नाही. तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या उंबरगाव-डहाणू भागात १९४५ साली वारली लोक जमीनदारांच्या वेठीविरुद्ध उठले, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी त्यांचे पुढारपण केले, आणि हुकूम होताच विनामोबदला राबण्याची रूढी मोडली गेली. वेठबिगार रद्द करणारा देशव्यापी कायदा मात्र १९७६ साली व्हावयाचा होता. तेव्हा ‘लोखंडाने माणसाची वेठ घ्यावी’ असे कोणी म्हणाला, तर त्याला विरोध करण्याचे कारण निदान आम्हां ठाणेकरांस तरी नाही. धोटा आपोआप विणू लागला तर धन्यांना दासांची गरज उरणार नाही, असे अ‍ॅरिस्टॉटलने फार पूर्वी लिहून ठेवले. तो ते अशक्यतेचे उदाहरण म्हणून देत होता. आज ते जवळजवळ शक्य झाले आहे.

येथे एक हळवा आक्षेप घेतला जातो, तो दूर केला पाहिजे. यंत्राने श्रमातील काव्य जाते असे काही रसिक म्हणतात. पिठाची गिरणी गावोगाव आली तेव्हा पहाटेचे जाते थांबले आणि ओव्याही थांबल्या, हे खरे आहे. परंतु ओव्या ऐकावयास मिळाव्यात म्हणून सुनेने पुन्हा पहाटे चार वाजता उठून दळावे, असे म्हणण्याचा अधिकार जात्यावर न बसलेल्या पुरुषांस खचित नाही.

याहून गंभीर आक्षेप मोलकरणीचा आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याणाचा कायदा २००८ साली झाला. तथापि तिची खरी सुरक्षितता अद्यापि घरमालकिणीच्या मर्जीवरच बहुतांशी अवलंबून आहे. चार घरची धुणीभांडी करून मुलांना शाळेत धाडणाऱ्या स्त्रीचे एक घर यंत्राने काढून घेतले, तर त्या यंत्राचा भागधारक तिच्या हानीचा वाटेकरी ठरतो काय? माझे उत्तर असे की, ठरतो. पण म्हणून यंत्र त्याज्य ठरत नाही. एखादे काम कोणाची उपजीविका आहे एवढ्याच कारणाने ते पवित्र होत नाही. २०१३ साली हाताने मैला साफ करण्याच्या कामावर नव्या कायद्याने बंदी आली. २०१८ पासून केरळातील तरुणांनी बनविलेले ‘बँडिकूट’ हे यंत्र गटाराच्या भोकातून माणसाऐवजी उतरू लागले. तेथे गेलेल्या रोजगाराचा शोक कोणी करणार नाही. प्रश्न एवढाच की, कामातून सुटलेला मनुष्य कोठे जातो? ज्याला जाण्यास जागा आहे त्याची ती मुक्ती होय; ज्याला नाही त्याचा तो त्याग असून तो त्याच्याकडून सक्तीने करविलेला असतो. नफ्याचा काही अंश ही जागा निर्माण करण्याकडे वळविला नाही, तर भागधारकाच्या हाती पडणारा लाभांश दुसऱ्याच्या ताटातून आलेला आहे, हे त्याने निदान जाणून असावे.

तिसरी गोष्ट जाहिरातींत आढळत नाही. माणसास घरातून घालवून यंत्र आले असे आपण समजतो, पण पुष्कळदा त्या यंत्राच्या मागे माणूसच दडलेला असतो. रूम्बाच्या चाचणीसाठी २०२० साली काही घरांत ठेवलेल्या यंत्रांनी टिपलेली अत्यंत खाजगी छायाचित्रे पुढे बाहेर फुटली, आणि ती व्हेनेझुएलातील अल्प मोबदल्यावर चित्रांतील वस्तूंना नावे देणाऱ्या कामगारांकडून पसरली, हे २०२२ साली उघडकीस आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये २०,००० डॉलर किमतीचा ‘निओ’ नावाचा मानवाकृती घरगडी विक्रीस आला. त्यास न जमणारे काम दूर बसलेला एक मनुष्य त्याच्या डोळ्यांनी पाहून त्याच्या हातांनी करील, असे त्याच्या निर्मात्यांनी स्वतःच सांगितले. आपल्या मोलकरणीचे नाव आपणांस ठाऊक असते, तिच्या घरच्या लग्नाचे आमंत्रण येते, ती चिडते आणि आपण ते ऐकून घेतो. या नव्या घरगड्याला नाव नाही व तोंडही नाही. वेठीचा दोष केवळ कष्टात नव्हता. राबणाऱ्याचे माणूसपण धन्याच्या दृष्टीआड होत असे, यात तो होता. तो दोष या व्यवस्थेत अधिकच सूक्ष्म होऊन उरतो.

परंतु मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच आहे, आणि ती कळावयास मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे टोकावडे पाहावे. या पट्ट्यात भात, नाचणी, वरई हीच मुख्य पिके. उन्हाळ्यात पालापाचोळा व शेण पसरून राब भाजावयाचा, मृगात रोपे टाकावयाची, आणि मग आषाढात कंबरभर वाकून दिवसचे दिवस चिखलात आवणी करावयाची, ती बहुधा स्त्रियांनी. दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. म्हणजे खर्चून गेलेल्या पैशाच्या मोबदल्यात पुढील सहा महिन्यांचे श्रम आधीच विकलेले असतात. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा व भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणे आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर वैशाखात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. आवणीची यंत्रे जगात आहेत. पण डोंगरउतारावरच्या चतकोर खाचरात ती वळत नाहीत, आणि वळतील अशी करावयास भांडवलास सवड नाही. सदनिकेची गुळगुळीत फरशी झाडण्याच्या, वास्तविक पंधरा मिनिटांच्या, कामासाठी मात्र जगातील उत्तमोत्तम बुद्धी व अब्जावधी डॉलर खर्ची पडले आहेत. कारण उघड आहे. भांडवल कष्ट कोठे आहेत हे पाहत नाही. कष्ट टाळण्यासाठी पैसे कोण मोजू शकतो, एवढेच पाहते. आपण जेव्हा निव्वळ नफ्याकडे पाहून पैसे गुंतवितो, तेव्हा कोणाची कंबर सरळ व्हावी व कोणाची वाकलेलीच राहावी, याविषयी मत देत असतो.

हा नियम अटळ आहे असे मात्र नव्हे, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल अशी समजूत होती आणि गिऱ्हाईक मिळत नव्हते. ज्याच्याजवळ पैसा नाही व विश्वासही नाही अशा कुणब्यासाठी यंत्र करणे म्हणजे त्या काळी धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाच होता. तरी कारखाना निघाला, औंध संस्थानच्या आश्रयाने १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि तो नांगर चालला. त्याच सुमारास अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून, सामान्य माणसाने दिलेल्या एकेक पैशातून, तळेगावची काच कारखानदारी उभी राहिली. त्या वर्गणीदारांस लाभांशाची आशा नव्हती; देशात कोणते काम उभे राहावे याविषयी त्यांचे मत होते, आणि ते त्यांनी पैशाने नोंदविले.

तेव्हा माझ्या सहकाऱ्यांच्या प्रश्नास माझे उत्तर असे आहे. घरगुती यंत्रमानवांत पैसे घालणे पाप नव्हे. पण घालण्यापूर्वी हिशेबाच्या तीन प्रश्नांत आणखी तीन प्रश्नांची भर टाकावी. हे यंत्र कोणाचे कष्ट कमी करते? ज्याचे काम गेले त्यास पुढे काय? आणि यंत्राच्या आत वा मागे कोण राबतो आहे? उत्तरे समाधानकारक नसतील, तर नफा कितीही असो, मोह आवरावा. उत्तरे बरी असतील, तरीही शिल्लकेचा एक लहानसा भाग अशा कामासाठी काढून ठेवावा की जेथे कष्ट फार आहेत आणि गिऱ्हाईक गरीब आहे: उतारावरच्या खाचरात चालणारे आवणीचे हलके यंत्र करू पाहणारा एखादा तरुण, पाड्यावरच्या विहिरीवर सौर पंप बसवू पाहणारी एखादी सहकारी संस्था. त्यावर परतावा थोडा मिळेल. कदाचित मुद्दलही बुडेल. पण जीबो विकत घेणाऱ्यांचे पैसेही बुडालेच की! बुडावयाचेच असेल, तर ते आवणीच्या चिखलात बुडालेले बरे. तेथे निदान काही उगवण्याचा संभव असतो.