ओला वाफा

पांझरा नदीच्या काठी एक फड होता. बंधाऱ्याचं पाणी पाटानं यायचं, पाटातून चाऱ्यांत, चाऱ्यांतून वाफ्यांत. कुणाला किती पाणी द्यायचं ते पाटकरी ठरवी आणि त्याचा शब्द सारे मानत.

एका सकाळी एक शेतकरी तणतणत आला. "रात्री माझी पाळी होती. निम्मा ऊस कोरडाच राहिला. शेजाऱ्याची पाळी परवा, तरी त्याच्या वाफ्यात चिखल! त्यानंच चारी फोडली. दंड करा त्याला."

शेजारी शपथा घेऊ लागला. पण चिखल सगळ्यांनीच पाहिला होता. लोक माना डोलवू लागले.

पाटकऱ्याच्या हाताखाली एक पोरगा काम शिकत होता. पाटकऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं.

पोरगा शेतकऱ्याला म्हणाला, "काका, तुमचं म्हणणं असं ना? जो चारी फोडतो त्याचा वाफा ओला होतो. यांचा वाफा ओला आहे. म्हणून चारी यांनीच फोडली."

"मग? यात खोटं काय?"

"पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या. पण आषाढात सगळ्यांचेच वाफे ओले असतात. तेव्हा सारं गाव चोर का? चारी फोडल्यावाचून वाफा ओला होतच नाही, हे तुम्ही बोलला नाहीत, पण मनात धरलंत. तेवढंच तपासायचं राहिलंय."

पाटकऱ्यानं भरदिवसा चारीला पाणी सोडलं. पोरगा काठानं चालत मूठ मूठ भुसा पाण्यावर टाकत गेला. भुसा संथ वाहत होता. शेजाऱ्याच्या वाफ्यापाशी मात्र तो थबकला, गरगर फिरला आणि खाली ओढला गेला. काठ वरून धड होता. पोरानं आत हात घातला. खेकड्याचं बीळ होतं, थेट पलीकडे वाफ्यात उघडलेलं.

आता शेजाऱ्याला जोर चढला. "पाहिलंत? मी चोर नाही, म्हणजे हा खोटारडा! दंड यालाच करा."

"तेही निघत नाही, काका," पोरगा म्हणाला. "त्यांचा ऊस खरंच कोरडा राहिलाय. चुकला तो खोटंच बोलला, हे आता तुम्ही मनात धरलंत."

पाटकरी दोघांना म्हणाला, "डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं आणि मनानं जोडलेलं वेगळं. बोट दाखवण्याआधी दोन्ही निवडून घेत जा."

दंड कुणालाच झाला नाही. शेजाऱ्यानं दगड आणले, शेतकऱ्यानं चिकणमाती मळली आणि दोघांनी मिळून बीळ बुजवलं. राहिलेल्या उसाला त्याच दुपारी पाणी मिळालं.